स्टिअरिंग चकाकायला लागलं की समजावं, ते मळलंय

शोरूममधून नवी गाडी घरी येते त्या दिवशी लेदर स्टिअरिंगचा एक फोटो काढून ठेवावा. चांगल्या उजेडात, जवळून. पुढच्या पाच वर्षांत तो फार उपयोगी पडतो, कारण नवं लेदर दिसतं कसं हे आपण दोन महिन्यांत विसरतो. नवं स्टिअरिंग चकाकत नाही. ते मंद, कोरडं, जरासं मखमली असतं. वर्षभराने तेच उजव्या बाजूला तुकतुकीत होतं आणि मालक कौतुकाने सांगतो, ‘लेदर आता छान मुरलंय.’ मुरायला ते लोणचं नाही. ती चकाकी म्हणजे तळहाताचं तेल, घाम, धूळ आणि सकाळच्या पोह्यांवरची शेव यांचा दाबून बसलेला थर असतो.

लेदर वयाने खराब होतं त्याहून जास्त या थराने होतं, आणि त्याहूनही जास्त तो थर काढायच्या किंवा झाकायच्या चुकीच्या उपायांनी. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर न सोडणाऱ्या इंदूरमध्ये गाड्या बाहेरून लखलखीत असतात, पण आत सगळ्यांत जास्त हाताळली जाणारी वस्तू वर्षानुवर्षं कोणी पुसत नाही. सर्व्हिसिंगमध्ये ते होत असेल असं समजू नका. तिथे बहुतेक वेळा डॅशबोर्डचं पॉलिश लावलेलं फडकं स्टिअरिंगवरूनही फिरतं, आणि ते न फिरलेलंच बरं.

आधी ओळखा: आपल्या हातात आहे काय?

स्टिअरिंगला शिवणीचे टाकेच नसतील तर ते लेदर नाही, साच्यातून काढलेलं फोमसारखं प्लास्टिक आहे. त्याला ओलं फडकं पुरतं. हा बाकीचा खटाटोप त्याच्यासाठी नाही.

टाके असतील तर दोन शक्यता. गाडीच्या माहितीपत्रकात ‘लेदरेट’ किंवा ‘आर्टिफिशियल लेदर’ लिहिलं असेल तर ते रेक्झिनच्या कुळातलं, म्हणजे कापडावर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पीव्हीसी या प्लास्टिकचा थर चढवलेलं. आतल्या बाजूच्या शिवणीत कापलेली कड कुठे दिसत असेल तर भिंग धरून बघा: कापडाची वीण दिसली तर कृत्रिम, तंतूंचा गुंता दिसला तर खरं कातडं. फरक महत्त्वाचा अशासाठी, की कृत्रिम लेदरचे एकदा पापुद्रे सुटायला लागले की त्यावर इलाज नाही. कंडिशनरने ते थांबत नाही. पुन्हा मढवणं एवढाच रस्ता उरतो.

खऱ्या लेदरबद्दलही एक गैरसमज काढून टाकू. गाडीच्या स्टिअरिंगवरच्या कातड्याला रंगाचा आणि त्यावर पारदर्शक पॉलियुरेथेनचा लेप असतो. हा सगळा लेप माणसाच्या केसाच्या जाडीहूनही सहसा पातळ. आपला हात लागतो तो या लेपाला, कातड्याला नाही. त्यामुळे ‘लेदरला खाऊपिऊ घाला, तेल मुरवा’ हा चपलांचा आणि जुन्या बॅगांचा सल्ला इथे चालत नाही. लेप शाबूत असेल तर तेल आत शिरतच नाही, वर बसून राहतं आणि धूळ धरतं.

लेप शाबूत आहे का, हे एका थेंबात कळतं. आरओच्या पाण्याचा एकच थेंब स्टिअरिंगच्या तळाला, म्हणजे घड्याळातल्या सहाच्या जागी ठेवा. दुसरा जिथे जास्त झिजलंय तिथे. मिनिटभर थांबा. थेंब गोल टिकला तर लेप आहे. खाली गडद डाग पडून थेंब पसरला तर तिथला लेप गेलाय. मग पुढची सगळी कामं त्या भागावर हलक्या हाताने आणि कमी पाण्याने करायची.

झीज उजवीकडे का सुरू होते

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि गिअर डाव्या हाताला. मॅन्युअल गाडीत, विशेषतः इंदूरच्या गर्दीत पलासियाहून राजवाड्याकडे जाताना, डावा हात सतत गिअरवर असतो आणि स्टिअरिंगचं सगळं ओझं उजव्या हातावर. उजवी खिडकीही त्याच बाजूला, म्हणजे ऊनही तिकडेच जास्त. म्हणून एक ते चार वाजण्याच्या दरम्यानचा पट्टा आधी जातो. ऑटोमॅटिक गाडीत झीज दोन्ही बाजूंना जरा सारखी विभागलेली दिसते.

कारणं मात्र सगळीकडे तीच. पहिलं, घाम आणि त्वचेचं तेल. ते लेप हळूहळू मऊ करतं, आणि मऊ झालेला लेप घासला की निघतो. दुसरं, हातावर लावलेल्या गोष्टी: सॅनिटायझर, सनस्क्रीन, हँड क्रीम, डास पळवणारं मलम. यातलं सॅनिटायझर सगळ्यांत वाईट. त्यात साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असतं आणि अल्कोहोल हा लेप मऊ करतं. २०२० नंतर दोन-अडीच वर्षांच्या गाड्यांची स्टिअरिंगं चिकट होऊन सोलायला लागली त्यामागे हे मोठं कारण होतं. डासांच्या मलमात डीट नावाचं रसायन असेल तर ते प्लास्टिकचे आणि रंगाचे लेप विरघळवतं. सॅनिटायझर चोळून हात पूर्ण कोरडे होईपर्यंत, म्हणजे अर्धा मिनिट, स्टिअरिंगला हात लावू नका. सनस्क्रीन लावल्यावर तळहात तेवढे साबणाने धुऊन घ्या. तळहाताला ऊन लागत नाही, तिथे सनस्क्रीनचं काम नाही.

तिसरं, धातू. खड्याची अंगठी, कडं, घड्याळाचा धातूचा पट्टा. अंगठीची झीज ओळखायला सोपी: आडवे, बारीक, एकाच जागी असलेले ओरखडे. अंगठी काढा असं कोणाला सांगून उपयोग नसतो, पण खडा आत वळवणं थांबवता येतं.

चौथं कारण वाकडं आहे पण खरं आहे: गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवायची सवय. तळहात दाबून एका हाताने गोल फिरवलं की त्या जागी कातडं पिळलं जातं आणि टाके सैल होतात. गाडी जराशी पुढे सरकू द्या आणि मग फिरवा. टायर आणि स्टिअरिंगचे बाकीचे भागही दुवा देतील.

सामान

थोडं लागतं, पण बरोबर लागतं.

- लेदर क्लीनर: पाण्यात बनवलेला, पीएच ५ ते ७ च्या आसपासचा. लेदर मुळात किंचित आम्लधर्मी असतं. अंगाचा किंवा कपड्यांचा साबण ९-१० पीएचचा, म्हणजे उलट टोकाचा.
- क्लीनर मिळाला नाही तर अर्धा लिटर कोमट आरओ पाण्यात अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिली, लोकरीचे कपडे धुवायचं सौम्य लिक्विड. यापेक्षा जास्त नको. फेस वाढतो, काम वाढत नाही.
- मऊ केसांचा ब्रश. घोड्याच्या केसांचा मिळाला तर उत्तम, नाहीतर लहान मुलांचा मऊ टूथब्रश.
- तीन मायक्रोफायबर कापडं, पांढरी किंवा फिकी. गडद कापडावर निघालेला मळ दिसत नाही आणि आपण लवकर थांबतो.
- मॅट लेदर प्रोटेक्टंट, म्हणजे धुतल्यावर वरून लावायचं, न चकाकणारं संरक्षक क्रीम. बाटलीवर ‘शाइन’, ‘ग्लॉस’, ‘वेट लुक’ असलं काही लिहिलं असेल तर ती परत ठेवा.

आरओच्या पाण्यावर जोर यासाठी, की इंदूरच्या कित्येक सोसायट्यांत नर्मदेच्या पाण्याबरोबर बोअरिंगचंही पाणी टाकीत येतं. ते जड असतं. वाळलं की टाक्यांच्या भोकांत पांढरी पूड उरते आणि काळ्या लेदरवर ती लांबून दिसते.

धुण्याची रीत

वेळ साधारण पाऊण तास. सकाळी किंवा सूर्य उतरल्यावर, गाडी सावलीत, स्टिअरिंग हाताला थंड लागत असताना. गरम लेदरवर क्लीनर क्षणात वाळतो आणि त्याचेच डाग पडतात.

१. चाकं सरळ ठेवून गाडी बंद करा. स्टिअरिंग लॉक होईल, होऊ द्या. तळ घासायला ते फिरवावं लागत नाही, आपणच वाका.

२. कोरड्या ब्रशने शिवणीतली, बटणांच्या कडांची धूळ काढा. हा टप्पा गाळला तर तीच धूळ पुढे पॉलिश पेपरसारखी घासली जाते.

३. सहाच्या जागी, खालच्या बाजूला, नाण्याएवढ्या भागावर क्लीनर लावून पुसून बघा. कापडाला करडा-तपकिरी मळ आला तर ठीक. लेदरचाच रंग, म्हणजे काळा किंवा बेज, यायला लागला तर थांबा. तिथला वरचा लेप गेलाय किंवा क्लीनर जास्त कडक आहे.

४. क्लीनर नेहमी ब्रशवर घ्या, स्टिअरिंगवर कधीही फवारू नका. मधल्या झाकणाखाली एअरबॅग आहे, बाजूला हॉर्नचे आणि ऑडिओचे स्विच आहेत, आणि फटीतून आत गेलेलं पाणी बाहेर पुसता येत नाही. ब्रशवर दोन पिचकाऱ्या पुरतात. अख्ख्या स्टिअरिंगला पाच ते आठ मिली लागतो. स्टीम मशीनवाला ‘दोन मिनिटांत करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा.

५. वर्तुळाचे चार भाग करा आणि एका वेळी एकच भाग घ्या. ब्रश लहान गोलाकार फिरवा, दाब पापणी चोळतो तेवढाच. फेस पिवळट-करडा व्हायला लागेल. तो वाळायच्या आत पहिल्या कापडाने उचला. घासायचं नाही, दाबून उचलायचं. नाहीतर मळ एका जागेवरून दुसरीकडे जातो. टाक्यांवरून ब्रश टाक्यांच्या दिशेनेच न्या, आडवा नेला तर दोऱ्याचे तंतू सुटतात.

६. आरओच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या दुसऱ्या कापडाने तो भाग पुसा. क्लीनर उरला तर स्टिअरिंग चिकट लागतं, आणि मग लोकांना वाटतं की मळ राहिला म्हणून ते आणखी क्लीनर लावतात.

७. चारही भाग झाले की पुन्हा पहिल्यापासून. वर्षभर न धुतलेल्या स्टिअरिंगला दोन-तीन फेऱ्या लागतात. कापड स्वच्छ निघालं की झालं. तिसऱ्या फेरीनंतरही मळ येतच असेल तर आज थांबा, आठवड्याने पुन्हा करा. एकाच दिवशी पाच वेळा घासणं लेपाला मानवत नाही.

८. तिसऱ्या कोरड्या कापडाने टिपा आणि दरवाजे उघडे ठेवून सावलीत अर्धा तास वाळू द्या. हेअर ड्रायर नको, ऊन तर नकोच.

बारीक भोकं असलेलं लेदर असेल तर पाचव्या पायरीला पाणी आणखी कमी. भोकांत फेस शिरला की वाळल्यावर पांढरे ठिपके दिसतात. ते दिसलेच तर कोरड्या टूथब्रशने झटका. सुईने कोरू नका.

वाळल्यावर आता फोटो काढा आणि पहिल्या फोटोशेजारी ठेवा. चकाकी गेली असेल तर ती मळाची होती. स्वच्छ होऊनही एखादा पट्टा चकाकतोच आहे, बोटाला अगदी सपाट लागतोय, त्यावरची बारीक रेघांची नक्षी दिसत नाहीये, तर तिथला लेप घासून गुळगुळीत झालाय. ते धुऊन परत येत नाही. त्याचं पुढे बघू.

वर काय लावायचं, किती

प्रोटेक्टंटचं काम एकच: पुढचा मळ लेपाला थेट चिकटू नये. हरभऱ्याएवढा ठिपका स्पंजवर घ्या. एवढ्यात पाव स्टिअरिंग होतं, म्हणजे अख्ख्याला असे चार ठिपके. पातळ पसरा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग कोरड्या कापडाने जोर लावून पुसा. शेवटी तळहात फिरवून बघा. जराही निसटतंय असं वाटलं तर पुन्हा पुसा. हा दिसण्याचा प्रश्न नाही: रीगलच्या चौकात अचानक कोणी आडवं आलं तर स्टिअरिंग हातातून निसटायला नको.

याच कारणाने खोबरेल तेल, व्हॅसलीन, डॅशबोर्ड पॉलिश, बुटाचं पॉलिश यांपैकी काहीही नाही. खोबरेलाचा मोह फार जणांना होतो, कारण पहिले दोन दिवस रंग गडद आणि छान दिसतो. तिसऱ्या दिवसापासून त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात आधीपेक्षा जाड काळा थर होतो. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, लिंबू हेही नाही. आणि ‘मॅजिक स्पंज’ म्हणून मिळणारा पांढरा स्पंज तर मुळीच नाही. तो डाग पुसत नाही, अतिबारीक पॉलिश पेपरसारखा वरचा लेप खरवडतो. पहिल्या वेळी जादू वाटते, तिसऱ्या वेळी लेप संपून खालचं कातडं खरवडलं जात असतं.

किती वेळा? रोज गाडी काढणाऱ्याने आठवड्यातून एकदा ओलसर कापडाने नुसतं पुसावं, दीड महिन्यातून एकदा वरची पूर्ण धुलाई करावी, तीन महिन्यांतून एकदा प्रोटेक्टंट लावावं. हाताला फार घाम येणाऱ्यांनी धुलाई महिन्यावर आणावी. नुसतं आठवड्याचं पुसणं सांभाळलं तरी निम्मं काम झालं.

इंदूरचं वर्ष

एप्रिल-मे. इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने २०१८ साली केलेल्या मोजणीत, बाहेर ३८ अंशांच्या वरचं ऊन असताना तासभर उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग सरासरी ५३ अंशांपर्यंत आणि डॅशबोर्ड ६९ पर्यंत तापला होता. गाडी ऑफिसबाहेर आठ तास उभी असते तेव्हा काय होत असेल त्याची कल्पना करा. त्या उष्णतेत लेप आखडतो, टाक्यांचा दोरा कमजोर होतो, आणि वर तेलाचा थर असेल तर तो मऊ होऊन भाजल्यासारखा बसतो. उपाय साधा: पुढच्या काचेला आतून लावायचा चंदेरी पडदा, चंदेरी बाजू बाहेर. काचेच्या कडांपर्यंत पोचेल असा घ्या. मधोमध लटकणारा छोटा पडदा आरशाला सावली देतो, स्टिअरिंगला नाही. पडदा नसेल तर सुती पंचा स्टिअरिंगवर टाका, फिका आणि सुका. काचांना काळी फिल्म लावायच्या आधी नियम आठवा: पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत यायलाच हवा.

तापलेल्या स्टिअरिंगवर पाणी शिंपडून ते थंड करणारे लोक दिसतात. नका करू. चारही दरवाजे दोन मिनिटं उघडा, एसी लावा आणि समोरचा झोत थेट स्टिअरिंगवर वळवा.

रंगपंचमी. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून राजवाड्यावरून परतताना हात, बाह्या, केस सगळं रंगलेलं असतं आणि गाडी तर घरी न्यायचीच असते. या दिवशी सुती हातमोज्यांचा एक जोड गाडीत ठेवा, ज्यांच्या तळव्याला रबरी ठिपके असतात ते, म्हणजे पकड सुटत नाही. स्टिअरिंगभोवती प्लास्टिकची पिशवी किंवा ओढणी गुंडाळणं धोक्याचं; ऐन वळणावर फिरते. तरीही रंग लागलाच तर नियम एकच: आधी कोरडं. ओल्या फडक्याने पुसलं की कोरडा रंग विरघळून शिवणीत आणि भेगांत शिरतो. मऊ ब्रशने झटका, व्हॅक्यूम असेल तर ओढून घ्या, कोरड्या कापडाने टिपा, आणि मगच क्लीनर. शाबूत लेपावरून रंग बहुधा निघून जातो. भेगेत उतरलेला गुलाबी राहतो. त्यासाठी थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर आणलात तर गुलाबी जाईल, पण त्याबरोबर काळाही जाईल.

लग्नसराईतल्या ओल्या मेंदीचंही हेच. हात पूर्ण सुकेपर्यंत गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्या.

पोहे-जिलेबी, छप्पन दुकानं, रात्रीचा सराफा हे तर रोजचं. पाकाचे हात स्टिअरिंगला लागले तर ओलसर कापडाने लगेच पुसा, कारण वाळलेला पाक नखाने खरवडायचा मोह होतो. शेवेचं तेल दिसत नाही म्हणून ते जास्त वाईट. गाडीत सुगंधी, अल्कोहोलचे वेट वाइप्स ठेवण्याऐवजी पाण्याची बाटली आणि एक पंचा ठेवा. हात आधी, स्टिअरिंग नंतर.

पावसाळा. जूनच्या उत्तरार्धापासून गाडी चार-सहा दिवस बंद उभी राहिली की लेदरवर पांढरी बुरशी येऊ शकते, आणि ती येते मळावरच. स्वच्छ लेपावर तिला खायला काही नसतं. आली तर दरवाजे उघडून कोरड्या कापडाने पुसा, कापड गाडीबाहेर झटका, मग पूर्ण धुलाई करा. ओल्या छत्र्या आणि पायपुसणी गाडीत ठेवू नका. आठवड्यातून एकदा एसी लावून पंधरा-वीस मिनिटं चक्कर मारली की आतला दमटपणा कमी होतो.

हिवाळ्यात वेगळं काही नाही. फक्त हँड क्रीम लावून लगेच गाडी काढू नका.

कव्हर लावावं का?

चांगल्या लेदरवर वरून चढवायचं रबरी किंवा रेक्झिनचं कव्हर लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आत घाम आणि धूळ अडकते, कव्हर किंचित सरकत राहतं आणि आतल्या लेदरला घासतं. दोन वर्षांनी कव्हर काढल्यावर खाली काळा चिकट पट्टा निघतो. लेदर वाचवायला लावलं होतं ते!

लेदर आधीच गेलं असेल किंवा साधं प्लास्टिक असेल तर कव्हर चालेल, पण माप घेऊनच. स्टिअरिंगचा बाहेरचा व्यास टेपने मोजा. बऱ्याच गाड्यांत तो ३७-३८ सेंटीमीटर असतो, लहान गाड्यांत थोडा कमी. कव्हर चढवताना घाम फुटला पाहिजे. सहज चढलं तर ते सैल आहे, आणि सैल कव्हर वळणावर हातासोबत फिरतं, चाक फिरत नाही. सुई-दोऱ्याने शिवून बसवायचं कव्हर त्यामानाने बरं. काही नव्या गाड्यांत स्टिअरिंगवर हात आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर कड्यातच असतो. तिथे जाड कव्हर घातलं की गाडी उगाच ‘हात ठेवा’ म्हणून ओरडत राहते.

लेप गेलाच असेल तर

नुसता रंग उडालाय, कातडं फाटलेलं नाही, एवढ्यावर घरी काम होऊ शकतं. घाई केली की बिघडतं.

आधी वरची पूर्ण धुलाई आणि चोवीस तास वाळवण. बटणं, स्पोक, मधलं झाकण मास्किंग टेपने झाका. झिजलेला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. होय, तेच अल्कोहोल जे वर टाळायला सांगितलं. इथे मुरलेलं तेल आणि सुटा लेप काढायचाच आहे. मग १००० नंबरच्या आणि त्यानंतर १५०० च्या पॉलिश पेपरने कडा अगदी हलक्या सपाट करा आणि भुकटी टिपून घ्या. आता पाण्यातला लेदर कलर स्पंजने. चार ते सहा थर, प्रत्येक इतका पातळ की पहिल्या दोन थरांनंतर ‘काहीच झाकलं जात नाहीये’ असं वाटलं पाहिजे. दोन थरांमध्ये पूर्ण वाळू द्या. जाड थर एकदाच मारला की तो पंधरवड्यात सालीसारखा निघतो. शेवटी मॅट टॉपकोटचे दोन-तीन थर.

स्टिअरिंगच्या रंगात आणि टॉपकोटमध्ये हार्डनर, म्हणजे रंग पक्का करणारं रसायन, मिसळावाच लागतो, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. सीटला तो नसला तरी कदाचित निभतं, पण स्टिअरिंगवर रोजच्या घामाने बिनहार्डनरचा रंग तळहाताला लागायला लागतो. हार्डनर मिसळलेला रंग उरला तर ठेवू नका, काही तासांतच तो निकामी होतो. काम झाल्यावर किमान एक दिवस गाडी काढायची नाही आणि आठवडाभर स्टिअरिंगला क्लीनर लावायचा नाही.

खोल भेगांत भरायचं फिलर मिळतं. सीटवर ते टिकतं. स्टिअरिंगच्या पकडीच्या जागी कातडं सतत दाबलं-पिळलं जातं, तिथे फिलर काही महिन्यांत तडकतं, म्हणून भेग नखाला अडकण्याएवढी खोल असेल तर रंगावर पैसे घालवू नका. सरळ नवं लेदर मढवून घ्या.

मढवून घेताना चार गोष्टी विचारा. लेदर एक ते सव्वा मिलीमीटर जाडीचं आहे का. जाड असलं की कडेला फुगतं आणि पकड बदलते. दोरा पॉलिएस्टरचा आहे का. सुती दोरा घामाने कुजतो. जुनं लेदर पूर्ण काढणार की त्याच्यावरच नवं चढवणार; वरून चढवलेलं सैल पडतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, स्टिअरिंग गाडीवरच ठेवून शिवणार की उतरवणार. गाडीवर ठेवूनही चांगलं काम होतं. उतरवायचं असेल तर एअरबॅग काढावी लागते: बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडून किमान दहा मिनिटं थांबणं, काढलेली एअरबॅग झाकण वर करून ठेवणं, आणि स्टिअरिंग बसवताना आधी केलेल्या खुणेशी खूण जुळवणं. स्टिअरिंग ज्या दातेरी दांड्यावर बसतं त्याचा एक दाताही चुकला तर गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग वाकडं दिसतं. हे न विचारता पाना हातात घेणाऱ्याकडून गाडी परत घ्या. सीट कव्हर कितीही सुंदर शिवत असला तरी.

एकच टाका सुटला असेल तर मात्र एवढं सगळं नको. सुटलेलं टोक ओढू नका, कापू नका, लायटरने जाळू नका. त्याच रंगाचा पॉलिएस्टर दोरा आणि वाकडी सुई घेऊन जुन्याच भोकांतून मागचे दोन आणि पुढचे दोन टाके धरून शिवा. नवं भोक पाडलं की तिथूनच लेदर फाटायला लागतं.